उलट्या पट्ट्या

कप्प्यात चौदा डुकरं होती, दोन पाण्याच्या तोट्या, एक गव्हाण, आणि वीस सिमेंटच्या पट्ट्या. दारालगत दीड मीटर रुंद पक्की फरशी. तिच्या पुढे मागच्या भिंतीपर्यंत पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट. घाण फटीतून खालच्या खड्ड्यात पडावी म्हणून. खड्डा अडीच मीटर खोल आणि जवळजवळ भरलेला.

चौदाच्या चौदा डुकरं फरशीवर होती, स्वतःच्याच घाणीत, एकमेकांना रेलून. डुक्कर झोपतं तिथे घाण करत नाही, जागा असेल तर. जागा होती. पट्ट्या कोरड्या ठणठणीत होत्या.

"आळशी झालीत," काका म्हणाले. "मालकावर गेलीत."

"मालक निदान अंघोळ करतो," मागच्या भिंतीपाशी तोटी घासत असलेली काकू म्हणाली. "कधीकधी."

काकांना शेजारी नवा गोठा बांधायचा होता, म्हणून त्यांनी मला त्याचा आराखडा करायला बोलावलं होतं. जुन्या कप्प्याची मापं घ्यावीत म्हणून मी वाकले, तर पट्ट्यांचा वरचा भाग अगदी खरखरीत, नव्यासारखा दिसला.

"या बदलल्या का काका?"

"बदलायला टाकसाळ आहे का माझी? वरून गुळगुळीत झाल्या होत्या, जनावरांचे पाय सटकायचे. मग सगळ्या उलटून बसवल्या. खालची बाजू कोरी करकरीत होती. एक पैसा खर्च नाही." ते खूश होते. "तुमच्या कॉलेजात शिकवतात का हे?"

"पट्ट्या ओतताना साच्यात सळया कुठे टाकल्या होत्या?"

"तळाला. तूच तर तेव्हा सांगितलं होतंस, भार पडला की पट्टी खालून ताणली जाते म्हणून."

काकांची नजर पट्ट्यांवर गेली. तळ आता वर होता.

फरशीवर गुडघे टेकून मी पहिल्या पट्टीच्या एका टोकाला दोरी दगडाखाली दाबली, दुसऱ्या टोकाशी ती ताणून धरायला काकांना सांगितलं आणि मध्यावर मोजपट्टी उभी केली. पट्टी दोरीपासून चार मिलिमीटर खाली गेली होती, वर कुणीही उभं नसताना. एवढं सिमेंट वाकत नाही. ते खालून तुटतं आणि वरच्या सळईला लटकून राहतं.

"काकू," मी म्हणाले, "उजव्या भिंतीला चिकटून या. पट्ट्यांच्या टोकांवरून. मध्ये पाय टाकू नका."

"का गं, साप आहे का?"

"ती सांगते तसं कर," काका म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

काकू भिंतीशी गेली. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात बादली. एकेक पट्टी ओलांडत ती निम्म्यावर आली. तिथे थांबून तिने खाली, फटीत पाहिलं.

"अहो, ही हलतेय."

"बादली ठेव तिथेच. दोन्ही हात भिंतीला लाव," काका म्हणाले.

तिने बादली हळूच टेकवली. कडी काठावर पडली आणि वाजली.

त्या गोठ्यात बादलीची कडी वाजायची ती फक्त खाणं आल्यावर. ती सवय काकांनीच लावली होती, पिल्लं असल्यापासून.

चौदा डोकी वर झाली. काका दोरी एका हातात तशीच धरून त्यांच्या आडवे आले, दुसऱ्या हाताने भिंतीशी टेकवलेली फळी पुढे धरली, तोंडाने चुचकारू लागले. बहुतेक अडली. दोन त्यांच्या बगलेखालून निसटली आणि पहिल्या पट्टीवर, बरोबर मध्यावर, काकूकडे तोंड करून उभी राहिली. नव्वद-नव्वद किलोंची.

मोजपट्टी अजून माझ्या हातात होती, दोरीशी त्याच पट्टीवर टेकलेली.

एकोणीस मिलिमीटर.