बाकावर एकच डबा

अर्व्हिडने भरलेलं काडतूस कानाजवळ नेलं आणि हलवलं. मग डोळे मिटून पुन्हा एकदा हलवलं.

"काही नाही," तो म्हणाला. "ऐक."

सिग्नीने काडतूस घेतलं. तिच्या मधल्या बोटाहून लांब, नुकतंच भरलेलं, तरी उन्हात ठेवल्यासारखं कोमट. तिने कानाशी हलवलं. आतून आवाज आला नाही. पितळी पुंगळी बंदुकीच्या पावडरीने मानेपर्यंत भरली होती, दाण्यांना हलायला जागाच नव्हती.

"हळू जळणारी असली की अशी भरते." दर सप्टेंबरात म्हणायचा तेच बापाने म्हटलं. "जलद पावडर म्हणजे चपराक. बसली आणि संपली. एवढ्या मोठ्या पुंगळीला चपराक चालत नाही, तिला झोका लागतो. गोळी नळीच्या टोकाला पोचेपर्यंत मागून हात हवा."

"नऊ वर्षांची असल्यापासून ऐकतेय, डॅड."

"मग आणखी एकदा ऐक. एल्क कुठे पळून जात नाही."

"चौदा वर्षांनी शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत नाव लागलंय माझं. निम्मा कळप म्हातारपणानेच मेला असेल."

"तेवढ्यात दोन नवरे झाले तुझे. एल्क एकच मिळणार. नीट नेम धर."

ती हसली. शेडच्या खिडकीतून दुपार आत आली होती आणि कुठे जायची घाई नसल्यासारखी बाकावर बसून होती. तिच्यात धूळ तरंगत होती, वर जात नव्हती, खाली येत नव्हती. सिग्नीने काडतूस लाकडी ठोकळ्याच्या भोकात परत ठेवलं. चौदा भरलेली. सहा रिकामी. ठोकळ्यापलीकडे मापाचं यंत्र, त्यावर काचेचं भांडं, अर्धं भरलेलं. त्यापलीकडे पावडरीचा डबा.

आणि आणखी एक डबा.

दोन्हींची झाकणं उघडी.

बाकावर एकच डबा. पाढ्यांच्या आधी तिने हे पाठ केलं होतं. एक डबा काढायचा, नाव वाचायचं, भरायचं, उरलेलं त्याच डब्यात ओतायचं, डबा कपाटात ठेवायचा, मगच दुसरा. शेजारचा एक जण एकदा गप्पा मारता मारता दुसरा डबा घेऊन आत आला होता. अर्व्हिडने त्याला डब्यासकट बाहेर काढलं आणि वर्षभर त्याच्याशी बोलला नाही.

कारण दोन्ही पावडरी दिसायला सारख्याच. राखाडी, चहाच्या भुकटीसारखे तुकडे. एक हळू जळणारी, मोठ्या रायफलीची. दुसरी जलद, शेतातल्या खारींसाठीच्या छोट्या बंदुकीची, चिमूटभर पुरणारी. ती चुकून मोठ्या पुंगळीत मानेपर्यंत भरली, तर रायफल फुटते. आणि रायफल तेव्हा गालाला लागलेली असते.

अर्व्हिडने तिच्या नजरेमागे नजर नेली. त्याचा हात एका डब्याकडे गेला, थांबला, दुसऱ्याकडे गेला, आणि मग बाकावर नुसताच पडून राहिला.

त्याची वही उघडी होती.

*१९ सप्टेंबर. मोठी रायफल. वीस पुंगळ्या. पावडर —*

पुढे कोरं. सिग्नीने वरच्या ओळी पाहिल्या.

*२ सप्टेंबर. मोठी रायफल. पावडर — गवत.*

*११ ऑगस्ट. छोटी. पावडर — गवत.*

आणखी वरही तेच. तेच सरळ अक्षर, तोच शब्द. गवत नावाची पावडर नसते. दोन डब्यांपेक्षा तिला या शब्दाचीच जास्त भीती वाटली.

"डॅड, काचेत कुठली आहे?"

"हात चालू होते," अर्व्हिड म्हणाला. "मी जरा दुसरीकडे होतो."

"कुठे?"

"दक्षिणेच्या कड्यावर. तुझी आई होती. बर्फ पडत होता, पण खाली येतच नव्हता, नुसता आमच्या भोवती उभा. मी तिला म्हटलं, थांब, वारा पडू दे. ती म्हणाली, केव्हाच पडलाय." तो काचेच्या भांड्याकडे बघत होता. "किती वेळ झाला असेल?"

"चौदा भरलीस तेवढा."

"हं."

"कुत्र्याला पाणी ठेवून येते," सिग्नी म्हणाली.

कुत्र्याचं भांडं भरलेलं होतं. ती ट्रकपाशी गेली आणि दारावर हात ठेवून उभी राहिली. ट्रकच्या खणात दुकानातून आणलेल्या काडतुसांची पेटी होती. जुलैत त्याने एका सकाळी दोनदा फोन करून सोडतीची तीच बातमी तिला नव्याने दिली, तेव्हापासून तिच्या मनात ती पेटी होती. गुरुवारी ती घेतली. डोंगरावर कोण बघणार होतं? बापाची काडतुसं कोटाच्या आतल्या खिशात ठेवायची, रायफलीत दुकानातली घालायची, परत आल्यावर काय सांगायचं तेही ठरलं होतं. आता नुसता खण उघडायचा होता. त्याला काही कळणार नव्हतं. मग पुढच्या वर्षी तो पुन्हा भरणार, ती पुन्हा खोटं बोलणार, आणि एक दिवस या शेडला कुलूप लागणार. त्यानंतर हा माणूस दिवसभर हातांचं काय करणार?

शेडमधून आवाज आला. ठक.

तिने वळून पाहिलं. दार अर्धं उघडं होतं. दारापासून कुंपणापर्यंतचं गवत उन्हाळ्याने वाळून सिंहाच्या पाठीसारखं झालं होतं. फक्त पायरीच्या डाव्या बाजूला

ठक.

एक हिरवा गोल होता. परातीएवढा, गडद. त्याच्या शेजारी दुसरा. मग कुंपणाकडे सरकत तिसरा, चौथा. पाचवा अजून नीट हिरवा झाला नव्हता. सिग्नी खाली बसली आणि तिने त्यातली पाती बोटांनी बाजूला केली. मुळांशी राखाडी तुकडे होते, चहाच्या भुकटीसारखे.

खात्री नसलेली पावडर भरायची नाही, ठेवायचीही नाही. गवतावर टाकायची, गवत पोसतं. तिच्या अख्ख्या लहानपणात या अंगणात असा एकच गोल उगवला होता, ज्या वसंतात आई गेली तेव्हा.

या एका उन्हाळ्यात पाच.

ठक.

ती आत आली. अर्व्हिड पोकळ डोक्याच्या हातोडीत एकेक काडतूस अडकवून बाकाखालच्या ओंडक्यावर आपटत होता. दर ठोक्याला गोळी पुंगळीतून सुटायची आणि तो पावडर कॉफीच्या रिकाम्या डब्यात ओतायचा. आठ झाली होती. कोणी सांगायची वाट त्याने पाहिली नव्हती.

सिग्नीने स्टूल ओढलं आणि नववं काडतूस त्याच्या हातात दिलं.

"पावसाचा थेंब नाही," ती म्हणाली, "पण गवत बरं आलंय पायरीपाशी."

ठक.

"हं," अर्व्हिड म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "यंदा बरंच घातलं त्याला."

चौदावं सुटल्यावर त्याने काचेचं भांडं कॉफीच्या डब्यात उपडं केलं. मग दोन्ही उघडे डबेही पुढे ओढले.

"ते कशाला?" सिग्नी म्हणाली. "त्यात काही परत ओतलं नाहीस ना? ते ठीक असतील."

"असतील," तो म्हणाला. "'असतील' ते गवताचं."

तो बाहेर गेला आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तसा मुठीमुठीने पावडर टाकत राहिला. पाचव्या गोलाच्या पुढे, कुंपणापाशी. पाठमोरा तिथूनच ओरडला,

"ती दुकानातली पेटीही घेऊन ये आत. खणातली."

सिग्नी दाराशी आली.

"कुत्र्याचा पट्टा शोधत होतो, तेव्हा दिसली," तो म्हणाला. "काडतुसं कशी का असेनात, पुंगळ्या चांगल्या असतात त्यांच्या. वाया घालवू नकोस."

तो हात झटकत आत आला. वहीतल्या कोऱ्या जागेत त्याने *गवत* लिहिलं आणि पेन तिच्याकडे सरकवलं. कपाटात सील न तुटलेला एक डबा होता. सिग्नीने तो काढला आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. अर्व्हिडने ते पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वाच," ती म्हणाली.

त्याने नाव वाचलं. तिने पुन्हा मोठ्याने वाचलं आणि वहीत नव्या ओळीवर स्वतःच्या तिरक्या अक्षरात लिहिलं. बाकावर एकच डबा होता. तो भरायचा, ती मोजायची. प्रत्येक पुंगळीआधी ती नाव विचारायची आणि तो सांगायचा. चौथ्याला तो म्हणाला, "शाळामास्तरीण." नवव्याला त्याला क्षणभर आठवेना. ती थांबली. त्याने डबा फिरवून वाचलं, आणि मग दोघं पुढे गेली. ऊन बाकावरून उतरून जमिनीवर आलं आणि तिथेही बराच वेळ रेंगाळलं.

विसावं काडतूस त्याने स्वतःच्या कानाशी नेलं नाही. तिच्या कानाशी धरलं आणि हलवलं.

सिग्नीने डोळे मिटले. काही नाही. बाहेर कुंपणाची तार वाजायची, तीही वाजत नव्हती.

"वारा पडलाय," ती म्हणाली.

"केव्हाच," अर्व्हिड म्हणाला.