आठव्या वचनानंतर

आठव्या वचनापाशी शांतवन लोंढे थांबला आणि त्याने चष्मा काढला.

ईस्टरची उपासना होती. तीन बायका कबरेपाशी गेल्या, धोंड बाजूला सरकलेली दिसली, आत बसलेल्या तरुणाने सांगितलं की प्रभू इथं नाही, उठला आहे, आणि त्या कापत पळाल्या. भीतीने कुणाला काही बोलल्या नाहीत. इथवर तो वाचून आला होता. एकतीस वर्षं तो या चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचत होता. तो अध्याय तिथं संपत नाही, हे लहान पोरांनाही माहीत होतं.

"मार्काच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यांत जुन्या दोन प्रतींत पुढची बारा वचनं, प्रभू उठून लोकांना दिसला ती, नाहीत," तो म्हणाला. "ती मागाहून कुणीतरी जोडली, असं जाणकार म्हणतात. मी तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं. सांगायला पाहिजे होतं."

पुस्तक मिटून तो खाली उतरला. तिसऱ्या बाकावर त्याची बायको महादेवी सुजलेले पाय पुढं करून बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी त्याला मागच्या खोलीत बोलावलं. वयाने ते त्याला मुलासारखे होते.

"काका, बाकीच्या तिन्ही शुभवर्तमानांत प्रभू लोकांना भेटला, असं आहे की. मग लोकांच्या मनात शंका का घालायची?"

"मार्क सगळ्यांत आधीचा हाय," शांतवन म्हणाला. "त्याच्यात काय हुतं आन काय नव्हतं, एवढंच सांगितलं मी."

"पुढच्या रविवारपासून वाचन दुसरं कुणीतरी करेल."

"बरं," शांतवन म्हणाला.

तो टॉवेलच्या कारखान्यात टाइमकीपर होता. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला, एवढंच त्याने जन्मभर लिहिलं. मालकाच्या भाच्यासाठीही कधी पाच मिनिटं मागेपुढे केली नाहीत. त्यामुळे त्याला कुणी जवळचा मित्र नव्हता. एक हारून मुजावर सोडला तर.

हारून उर्दू शाळेतला निवृत्त मास्तर. रोज पाच वाजता तो ओट्यावर येऊन बसायचा आणि वाद सुरू व्हायचा. वीस वर्षं वाद एकच होता.

"मसीहा तर आमी बी मानतो, शांतवनभाई," हारून म्हणायचा. "पण यहुदी लोकांना राजा पायजे होता. रोमी शिपायांना हाकलणारा. टांगून मेलेला राजा कोण मागतो? अल्लाने त्याला जिवंत उचलून नेला."

"तेच तर म्हणतो मी. टांगलेला मसीहा कुणी मनानं रचंल का? लाज वाटायची गोष्ट हुती ती त्या लोकांना. तरीबी लिहिली. म्हणजे घडली असणार."

"चाळीस वर्षांनी लिहिली. चाळीस वर्षांपूर्वी तुमच्या कारखान्यात पैल्या दिवशी कोण कोण हजर होतं, सांगा बगू."

"रजिस्टर हुतं माझ्याकडं."

"त्यांच्याकडं होतं का?"

शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात दोघं हसायचे. पण या प्रश्नाने शांतवनची झोप उडाली. हारूनला हरवायला म्हणून त्याने बायबलवरची जुनी भाष्यं मिळवली, हिवाळाभर वाचली. यशयाच्या ग्रंथातला दुःख सोसणारा सेवक, ज्याला चर्चमध्ये प्रभू समजतात, तो म्हणजे सगळं इस्राएल राष्ट्र, असं यहुदी मानतात, हे त्याला त्यात कळलं. बारा वचनांचंही कळलं. हारूनला हरवायला निघालेला माणूस स्वतःच कुठंतरी अडकला, आणि कळलेलं लपवून ठेवणं त्याच्या हातून होईना.

त्या ईस्टरच्या दुपारी महादेवी जेवली नाही. तिचं हृदय वर्षभरापासून थकत चाललं होतं. डॉक्टरांनी पाणीसुद्धा मोजून प्यायला सांगितलं होतं. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती.

"मी अक्कलकोटाकडनं तुमच्या शब्दावर आले," ती म्हणाली. "आमच्या अप्पांनी मरूस्तवर तोंड बगितलं न्हाई माझं. लिंगायताची लेक असून गळ्यातलं लिंग काडून ठिवलं मी. तुमी म्हणला हुता, मेलेलं उटतंय."

शांतवनने तिच्या पाठीमागची उशी सारखी केली.

"मग आपल्या रूथचं काय?"

रूथ त्यांची एकुलती एक मुलगी. नर्स होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत वॉर्डातच आजारी पडली आणि सहाव्या दिवशी गेली. आईबापांना लांब उभं केलं होतं. पिशवीतून नेलं, कुणीतरी हात करून सांगितलं, हीच तुमची. महादेवीला तोंड बघायला मिळालं नाही. तेव्हापासून रूथ उठून पुन्हा भेटेल, या एकाच गोष्टीवर ती तगून होती.

हो म्हणायला एक शब्द पुरला असता. शांतवनच्या ओठावर तो आलाही.

"मला ठाऊक न्हाई, महादेवी," तो म्हणाला. "मला पायजे तर लई हाय. पण ठाऊक न्हाई."

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्यानंतर ती त्याच्याशी औषधापुरतं आणि पाण्यापुरतं बोलली. रात्रीच्या प्रार्थनेला त्याला हाक मारायची, ती बंद झाली. हारून यायचा, पण वाद होईना. दोघं रस्त्याकडे बघत चहा प्यायचे.

मे महिन्यात ऊन त्रेचाळीसवर गेलं आणि तिला धाप सहन होईना. आता उपाय नाही म्हणून दवाखान्यातून घरी पाठवलं. एका संध्याकाळी तिने आतून हाक मारली. शांतवन उठला.

"तुमी नगा," ती म्हणाली. "हारूनभाईला बोलवा."

हारून चपला काढून आत आला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसला.

"भाऊ, ते पुस्तक घ्या. मार्काचं शेवटचं काडा. ह्यांनी सोडलेलं वाचा मला."

हारूनने शांतवनकडे पाहिलं. शांतवनने फळीवरून पुस्तक काढलं, पान उघडून दिलं आणि तो दाराशी जाऊन उभा राहिला. हारूनला मराठी वाचायला वेळ लागायचा. तो एकेक शब्दावर बोट ठेवत, अडखळत वाचत गेला. मरीयेला तो दिसला. रडत बसलेल्यांना तिने जाऊन सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. आजाऱ्यांवर हात ठेवले तर ते बरे होतील, या जागी हारूनने एकदा महादेवीकडे पाहिलं. मग बोट पुढं सरकवत तो शेवटापर्यंत गेला.

"तुमी मानता का हे?" महादेवीने विचारलं.

हारूनने पुस्तक मिटलं. "ह्यातलं समदं न्हाई मानत, भाभी. झूट कशाला बोलू. पण कयामतच्या दिवशी समद्यांना उठवणार, हे मानतो. पक्का मानतो. रूथ बेटी भेटंल तुमाला."

"तोंड दिसंल?"

"दिसंल की."

तिने डोळे मिटले. तिचा चेहरा कित्येक आठवड्यांनी सैल पडला होता. शांतवन ते पाहत होता. आपण तिला जे देऊ शकलो नाही ते दुसऱ्याने पाच मिनिटांत दिलं, आणि तेही खोटं न बोलता. त्याला राग आला नाही. नुसतं उभं राहवेना, म्हणून तो मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला.

चार दिवसांनी सकाळी ती गेली. शांतवन तिचे पाय चेपत होता. हाताखाली पाय गार लागला तेव्हा त्याला कळलं.

दफनाला मंडळीतली चाळीसेक माणसं आली. अक्कलकोटाकडून कुणी आलं नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि पुस्तक त्याच्यापुढे धरलं.

"काका, दोन वचनं तुम्ही वाचा. तिला बरं वाटेल."

शांतवनने नाही म्हणून मान हलवली. खड्डा खणणारा बिरप्पा फावड्यावर रेलून उभा होता. शांतवनने त्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि माती लोटायला सुरुवात केली. सदुसष्टाव्या वर्षी ते काम झेपणारं नव्हतं. लोक पुढे झाले, पण तो कुणाला फावडं देईना. खड्डा भरून वर उंचवटा झाला तरी तो थांबला नाही.

"बास आता, मालक," बिरप्पा हळूच म्हणाला. "झालंय."

शांतवनने फावडं टाकलं, गुडघ्यांवर बसला आणि ढेकळं हाताने फोडून माती सारखी केली. मग उठला. समोर, उंचवट्याच्या पलीकडे, हारून दोन्ही हात पसरून ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटत होता. मंडळीतल्या लोकांनी हात जोडले होते.

शांतवनने आपल्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत लाल माती लागली होती. ते जोडावेत की पसरावेत, हे त्याला कळेना. त्याने ते तसेच, अंगापासून जरा लांब धरून ठेवले.