नानांच्या गाडीतला दिवा

बाजाराच्या दिवशी ती जुनी पांढरी गाडी हायवेच्या सर्व्हिस रोडला वळताना दिसली, की गॅरेजातला हरी हातातला पाना खाली ठेवायचा. गाडी त्याच्या वडलांची. लालासाहेब त्यांचं नाव, पण सगळं उंब्रज त्यांना नाना म्हणायचं. नाना गाडी अगदी गॅरेजच्या तोंडाशी, गिऱ्हाइकांच्या बाकड्यासमोर आणून लावायचे. इंजिन चालूच ठेवायचे. काच खाली करायचे आणि बाकड्यावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे,

"मिस्त्री, दिवा पेटलाय बघा तुमचा."

स्पीडोमीटरच्या बाजूला इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा जळत असायचा.

पहिल्यांदा तो पेटला तेव्हा पावसाळा सरत आला होता. हरीला त्याचं काही वाटलं नाही. जुनी गाडी म्हटल्यावर दिवे पेटायचेच. त्यानं दोष पडद्यावर दाखवणारा स्कॅनर जोडला, तर ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला. हा सेन्सर सायलेन्सरच्या तोंडाशी बसतो आणि इंजिनाचा धूर हुंगून पेट्रोल कमीजास्त करायला सांगतो. हरीनं कोड पुसला. दिवा विझला, नाना गेले, आणि पुढच्या बाजारी पुन्हा दिवा घेऊन हजर.

मग त्यानं सेन्सर बदलला. दिवा पेटला. सेन्सरपासून आतल्या कॉम्प्युटरपर्यंतची तार हातभर हातभर तपासली. दिवा पेटला. अर्थिंग घासलं, फ्यूज बदलले, सायलेन्सरला कुठं बारीक चीर आहे का म्हणून साबणाचं पाणी मारून बघितलं. दर वेळी चाचणीला गाडी तासवड्याच्या टोलनाक्यापर्यंत नेऊन आणायचा, दिवा मेल्यासारखा गप असायचा. आणि बाजाराच्या दिवशी पुन्हा काच खाली व्हायची.

"आमी फौजेत हुतो तवा असला स्कॅनर न्हवता," नाना बाकड्याकडं बघून सांगायचे. ते सैन्याच्या वर्कशॉपात हवालदार होते, गाड्यांचे मेकॅनिक. "बर्फात उभं ऱ्हाऊन कानानं दोष धरायचा. आता पोरं टीव्ही लावत्यात गाडीला. टीव्ही बोलला तर बोलला."

बाकडं हसायचं. समोरचा पप्पू चहावाला सगळ्यात मोठ्यानं. हरी मान खाली घालून बॉनेटमध्ये शिरायचा.

हसण्यावारी जाण्यासारखं असतं तर त्यानं सोसलंही असतं. पण गॅरेजचा धंदा म्हणजे विश्वासाचा धंदा. ज्याला बापाच्या गाडीतला दिवा विझवता येईना, त्याच्याकडं आपली गाडी कशी द्यायची, असं लोक बोलायला लागले. साखर कारखान्याच्या साहेबाची गाडी कराडला जायला लागली. मग प्रवासी नेणाऱ्या वडापच्या दोन जीपा गेल्या. शेडमध्ये दुपारी उंदीर पळताना ऐकू यावा इतकी शांतता झाली.

त्याहून वाईट म्हणजे हरीचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. ब्रेकचं काम केलं की गिऱ्हाईक निघाल्यावर तो मागून पळत जायचा, चाक पुन्हा उघडून बघायचा. ज्या हातानं डोळे झाकून क्लच बसवला, तो हात नट आवळताना अडखळायला लागला. शेडच्या वर दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको श्रद्धा राहायचे. ती एकदा जेवताना म्हणाली, "आवं, त्यांना सांगा की दुसरीकडं दाखवा म्हणून. तेवढीच एक गाडी हाय का जगात?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" हरी तिच्यावर खेकसला आणि ताट सारून उठला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आवाज अगदी नानांचा होता.

शेवटी त्यानं गाडी मिरजेला अजहरकडं नेली. अजहर त्याच्याबरोबर आयटीआयला होता, आता दवाखान्यांच्या गल्लीत गाड्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानं गाडी काही दिवस ठेवून घेतली. रोज चालवली. सांगलीला नेली, उन्हात ठेवली, खड्ड्यांतून आदळली. मग फोन केला.

"घेऊन जा गड्या. दिवा काय पेटत न्हाई."

"आरं, पेटतोय. दर आठवड्याला पेटतोय."

"माझ्याकडं न्हाई पेटला. गाडीला काय बी झालं न्हाई. उंदीर-घुशी तारा वढत असतील घरी, बघ."

हरीनं नानांच्या अंगणात उंदरासाठी पिंजरा लावला. उंदीर सापडला नाही. बाजाराच्या दिवशी दिवा मात्र आला, आणि नानांनी बाकड्याला उंदराची गोष्टही सांगितली.

त्या दिवशी गाडी तपासताना हरीच्या मनात एक विचार आला आणि त्याचा त्यालाच राग आला. तरी तो वर गेला, श्रद्धाची लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन आला. सेन्सरची तार जिथं मुख्य तारेला जोडते तिथं एक काळा प्लग असतो, त्याचे दोन भाग एकमेकांत बसतात आणि वर एक खटका लागतो. त्या जोडावर हरीनं आडवी, केसाएवढी बारीक रेघ ओढली. अर्धी एका भागावर, अर्धी दुसऱ्यावर. सुकू दिली. गाडी देऊन टाकली.

पुढच्या बाजारी दिवा पेटलेला होता. प्लग घट्ट बसलेला होता, खटका लागलेला होता. आणि लाल रेघ मधोमध तडकली होती.

खड्ड्यानं प्लग सुटला असता तर सुटलेलाच दिसला असता. हा कुणीतरी खटका दाबून काढला होता, प्लग सुटा असताना इंजिन चालू करून दिवा पेटवला होता, आणि पुन्हा नीट बसवून ठेवला होता. उंदराला एवढं येत नाही.

हरीनं कोड पुसला. नेहमीसारखी चावी नानांच्या हातात दिली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी उजाडायच्या सुमाराला तो गावातल्या नानांच्या घरी चालत गेला आणि शेळ्यांच्या गोठ्याआड उभा राहिला. थोड्या वेळानं नाना बाहेर आले. अंघोळ झालेली, कपाळाला गंध, डोळ्यांवर चष्मा. चहाचा कप त्यांनी टपावर ठेवला, बॉनेट उघडलं. वाकून दोन बोटांनी खटका दाबला, प्लग काढला. आत बसून किल्ली फिरवली. दिव्याची खात्री करून इंजिन बंद केलं. मग प्लग पुन्हा बसवला, हलक्या हातानं, लेकराच्या अंगरख्याचं बटण लावावं तसा. आणि उरलेला चहा प्यायला लागले.

"नाना."

नाना दचकले नाहीत. त्यांनी वळून बघितलं, कप खाली ठेवला.

"घावला व्हय दोष?" ते म्हणाले. "लय उशीर लावलास. फौजेत असतास तर हाकलून दिला असता तुला."

"आवं, पण का? माझा धंदा बसला. लोकं थुकत्यात माझ्यावर."

"तुझा हात बापापरास चांगला हाय न्हवं? मग बघितलं म्या, किती चांगला हाय ते." त्यांनी बॉनेट आपटून लावलं. "आज बी येणार हाय मी. सांग लोकांना, बापानंच केलं म्हणून. बघू कोण इस्वास ठेवतंय. म्हणतील, काम जमंना तवा बापावर ढकलतोय."

हरी वळून चालायला लागला. कारण नाना म्हणत होते ते खरं होतं.

तो फाटकाशी आला तेव्हा मागून आई आली. रंगूबाईंच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

"गावातल्या एका लग्नात कुणीतरी बोललं रं त्यांच्या म्होरं," ती हळू आवाजात म्हणाली. "लालासाहेबाच्या पोरानं बापाला मागं टाकलं, म्हणून. त्या दिवशी ते जेवलं न्हाईत. तवापास्नं हे चाललंय."

हरीनं तिच्याकडं बघितलं. "तुला ठावं हुतं, आये?"

"रोज सकाळी चा मीच देते न्हवं."

"आन तू गप बसलीस?"

रंगूबाईंनी पीठ लागलेले हात पदराला पुसले. "तू हायवेला ऱ्हातोस. मला त्यांच्यासंगं ऱ्हायाचं हाय."

चालत गॅरेजवर येईपर्यंत हरीचा राग विझला होता. त्याच्या जागी काहीतरी थंड, नीटनेटकं बसलं होतं. त्यानं शेड झाडून घेतली. पप्पूला जाऊन सांगितलं, "आज नाना स्वता माझ्या चुका दावणार हायत. चार माणसं बोलाव."

नाना आले तेव्हा बाकडं भरून माणसं उभीही होती. काच खाली झाली.

"मिस्त्री, दिवा..."

"व्हय नाना," हरी पुढं होऊन म्हणाला. हात जोडले. आवाज इतका गोड, की पप्पूनं चहाची किटली खाली ठेवली. "मी हरलो. माझ्या बापजन्मात ह्यो दोष मला कळणार न्हाई. तुमी वस्ताद मानूस. आज तुमीच दावा, आमी समदी शिकतो."

नानांची नजर एकदा त्याच्या चेहऱ्यावर फिरली. पण लोक बघत होते, कुणीतरी "व्हय नाना, व्हऊ द्या" म्हणालं, आणि नाना खाली उतरले.

हरीनं बॉनेट उघडलं. गावातून आलेलं इंजिन तापून वाफाळत होतं. त्यानं अलगद हात घालून प्लग काढला आणि दोन्ही टोकं लोंबकळत सोडली.

"ह्यो एवढा प्लग बसवा. मला नीट बसवता येत न्हाई, तेनंच दिवा पेटतोय असं वाटतंय."

नाना वाकले. चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता, हरीला त्याची काडी दिसत होती. चार माणसांत चष्मा लावायची त्यांना सवय नव्हती, आणि हरीनं आठवण करून दिली नाही. नानांनी एक टोक धरलं, दुसरं चाचपडून शोधलं. उलटं लावलं. फिरवलं. पुन्हा उलटं लागलं. मागून कुणीतरी खोकलं. त्यांचा हात थरथरायला लागला. अंगठा खटक्यावरून घसरला, पुन्हा घसरला, आणि मनगट तापलेल्या लोखंडाला टेकलं. चर्रकन आवाज झाला. नानांनी हात मागं घेतला, पुन्हा घातला.

"कानानं बसवा नाना!" पप्पू ओरडला.

बाकडं फुटल्यासारखं हसलं. एकानं मोबाईल काढून वर धरला.

हरीला मदत करता आली असती. हात पुढं करायचा, एवढंच. तो हातांची घडी घालून शेजारी उभा राहिला. वडलांच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरात उतरताना त्यानं बघितला आणि त्याच्या छातीत काहीतरी सुखावलं. फौजेच्या भरतीत छातीच्या मापात न बसल्याच्या दिवसापासून कधी वाटलं नव्हतं, तेवढं हलकं वाटलं.

नानांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. अगदी हळू, दोघांनाच ऐकू जाईल असं म्हणाले, "पुरं, हरबा."

"आवं जमंल नाना," हरी मोठ्यानं म्हणाला. "घाई न्हाई कुणाला."

आणखी बराच वेळ नानांना तसंच वाकून राहू दिलं, हरीनं आणि सगळ्या बाजारानं. मग हरीनं एका हातानं प्लग बसवला. टक्कन आवाज आला. स्कॅनर लावून कोड पुसला, दिवा विझला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना चावी गाडीतच ठेवून चालत घरी गेले.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावातल्या प्रत्येक मोबाईलवर होता.

हरीनं रात्री गाडी नानांच्या दारात नेऊन लावली, पण नानांनी नंतर तिला हात लावला नाही. ती भंगारवाल्याला दिल्याचं हरीला आईकडून कळलं. मनगटाचा भाजलेला डाग चिघळला, पण ते दवाखान्यात गेले नाहीत. बाजारालाही यायचे बंद झाले. रंगूबाई एकदा गॅरेजवर आल्या, बाकड्यावर न बसता उभ्या उभ्याच म्हणाल्या, "आता ते माझ्यावर काढत्यात समदं," आणि एसटीला उशीर होतोय म्हणून निघून गेल्या. घर तर चालत जाण्याच्या अंतरावर होतं; एसटी त्यांना कुठं जायला हवी होती, हे हरीनं विचारलं नाही.

धंदा मात्र परत आला. कारखान्याच्या साहेबाची गाडी आली, जीपा आल्या. दिव्याचा दोष म्हाताऱ्याच्या हातात होता, पोराच्या नव्हे, हे लोकांनी आपलं आपण ठरवून टाकलं होतं. आणि गंमत म्हणजे ते खरंच होतं, फक्त कुठल्या अर्थानं ते लोकांना माहीत नव्हतं.

एकदा साताऱ्याचा एक ट्रॅव्हलवाला गाडी दाखवायला आला. त्याला मालक कोण ते ठाऊक नव्हतं. चहा पिता पिता त्यानं बाकड्यावरच्या माणसांना त्या व्हिडिओतल्या फौजी म्हाताऱ्याची नक्कल करून दाखवली. डोळे बारीक केले, दोन्ही हात थरथरवले. बाकड्यावरचे दोघेतिघे चपापून हरीकडं बघायला लागले. जिन्यात श्रद्धा उभी होती, तीही थांबली.

हरीनं पाना खाली ठेवला.

"तसं न्हाई," तो म्हणाला. पुढं आला, कमरेत वाकला. "दोन्ही हात न्हाई थरथरत. डावा गप असतोय. उजवा अंगठा तेवढा असा घसरतोय, हे बघा. आन मग मान अशी वळवायची, आन म्हणायचं, पुरं, हरबा."

आवाज हुबेहूब जमला. बाकडं हसून हसून लोळलं. जिन्याचं दार वर कुठंतरी लागल्याचा आवाज आला. हरीनं कापडाला हात पुसले आणि ट्रॅव्हलवाल्याला म्हणाला, "घ्या गाडी आत."