मिठाच्या बरणीखालची यादी

मुकुंदला जाऊन चार महिने झाले, आणि गेल्या महिन्यापासून तो रोज पावणेसहाला आमच्या स्वयंपाकघरात चालू होतो. घर मात्र सव्वासहाला, मी डोळे उघडले की सुरू होतं. मधल्या अर्ध्या तासात फ्रिज गप्प असतो, नळ कोरडे असतात, घड्याळाचे काटे कालच्याच जागी असतात. तो एकटाच डाव्या शेगडीवर, कान तुटलेल्या पातेल्यात दोन कप चहा टाकतो.

पहिले चार दिवस मी डोळे उघडले आणि घर सुरू झालं. घराची रीत अशी की सुरू होताना आत जे काही आधीपासून चालू असेल ते बंद करतं आणि नव्याने लावतं. मुकुंद आलं ठेचता ठेचता थांबला. मग परत चालू झाला. दारात मला बघून त्याने हात टॉवेलला पुसले.

"या ना," तो म्हणाला. "कोण हवंय आपल्याला?"

"मुकुंद, मी वृंदा."

"बसा तुम्ही. घरातले उठायचेत अजून."

सत्तावीस वर्षांच्या संसारात त्याने मला बसा म्हटलं नव्हतं. मी बसले. चहा चांगला होता.

मला हा बिघाड ओळखीचा होता. मी कुपवाडला ज्या कारखान्यात आहे, तिथे अंडी उबवायच्या यंत्रांचे बोर्ड बनतात. बोर्डावर दोन प्रोसेसर, एक थोरला आणि एक धाकटा. धाकटा वीज आल्या आल्या कामाला लागतो, अंड्यांचे ट्रे फिरवतो, ऊब राखतो. थोरला सावकाश उठतो, आणि उठल्यावर आधी धाकट्याला बंद करून पुन्हा चालू करतो, कारण आपल्याआधी कुणी उठलेलं असेल हे त्याच्या गावीच नसतं. तेवढ्यात अंडी गार पडतात. थोरल्याला चार शब्द शिकवायचं काम माझ्याकडे आहे. आधी ठरलेल्या जागी बघ. धाकट्याने यादी ठेवली असेल, तर तो चालू आहे. यादीतलं काही ओढून घेऊ नकोस. त्याला थांबवू नकोस, नुसता त्याच्या जोडीला जा.

हे मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. मुकुंद तिथेच स्टोअरकीपर होता. बाद झालेले बोर्ड तो पिशवीतून घरी आणायचा आणि मी ते भाकऱ्या झाल्यावर ओट्यावर उघडून बसायची. तो स्टोअरमधून स्क्रू घेतला तरी चिठ्ठी लिहून ठरलेल्या जागी ठेवणारा माणूस. घरातही तेच. कात्री घेतली की मिठाच्या बरणीखाली चिठ्ठी: कात्री, १. मी हसायची.

पाचव्या दिवशी मी बरणी उचलली. खाली त्याच्या अक्षरात यादी होती. शेगडी, डावी, १. पातेलं, कान तुटलेलं, १. कप, २. बशी, झाकायला, १.

मी घरासाठी तेच चार शब्द कागदावर लिहिले आणि कागद मीटरच्या पेटीत ठेवला. घर तिथूनच सुरू होतं.

सहाव्या दिवशी उठले आणि सवयीने आधी ओटा पुसला. कुणाच्याही घरी बाई उठली की आधी ओटा पुसते, रात्री पुसलेला असला तरी. यादी ओल्या फडक्यात गेली. घराने बरणीखाली पाहिलं, काही नव्हतं, आणि त्याला थांबवलं.

"बसा तुम्ही," मुकुंद म्हणाला.

त्या दिवशी मी बरणीभोवती खडूने चौकोन आखला. दोन वीत लांब, दोन वीत रुंद. इथे फडकं फिरवायचं नाही, काही ठेवायचं नाही, चौकोन कुणाचाच नाही.

सातव्या दिवशी घर सुरू झालं आणि मुकुंद थांबला नाही. आलं ठेचत राहिला. फ्रिज घुरघुरला, नळाला पाणी आलं, डावी शेगडी सोडून बाकी सगळं माझं होतं. त्याने चहा गाळला, एक कप घेतला, दुसऱ्यावर बशी झाकली आणि बेडरूमच्या दाराकडे बघून म्हणाला, "झोपू दे. उठेल ती."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, म्हणजे मला सांगितलं गेलं होतं. दवाखान्यात अकरा रात्री जागून बाराव्या रात्री मी त्याच्या खाटेजवळच्या खुर्चीत झोपले. सिस्टरने त्याला विचारलं, बाईंना उठवू का. तो म्हणाला, झोपू दे, उठेल ती. तेव्हा पावणेसहा झाले होते. मी सव्वासहाला उठले, तेव्हा तो नव्हता.

"मुकुंद, मी उठले आहे," मी म्हटलं. त्याने माझ्यातून दाराकडे पाहिलं.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत शकिलाताईंनी डबा उघडला. त्या वीस वर्षं बोर्डांना सोल्डरचे डाग लावायच्या टेबलावर आहेत, आणि त्यांच्यापासून काही लपत नाही.

"काय गं, नवरा परत आला म्हणे."

"आला नाही. चालू आहे."

"एकच झालं. आमचे घरी आहेत, पण चालू नाहीत." त्यांनी मला अर्धं अंडं दिलं. "बोलतो का?"

"यादीत बोलायची ओळच नाही. धाकट्याने ती आधीच लिहून ठेवावी लागते, तर थोरल्याचं त्याला ऐकू येतं."

"मग घाल ना तू ओळ."

"माझं अक्षर उमटत नाही त्या कागदावर. त्याला बंद करून नव्याने लावला, तरच घालता येईल."

"आणि बंद केला की?"

"बसा म्हणेल."

शकिलाताईंनी डब्याचं झाकण लावलं. "असू दे मग," त्या म्हणाल्या. "दिसतोय ना."

मी असू दिलं. आता तो थांबतच नव्हता. मी संध्याकाळी घरी यायची तेव्हाही त्याचे पावणेसहाच चालू असायचे. चहा व्हायचा, दुसरा कप झाकला जायचा, गार व्हायचा, ओतला जायचा, पुन्हा चहा व्हायचा. मी स्टुलावर बसून बघायची. तो कप मला उचलता येत नव्हता, कारण तो यादीत होता. यादीतली वस्तू माझ्या हाताला भिंतीसारखी लागायची.

मग यादी वाढू लागली. त्यात त्याचा दोष नाही. आपल्याआधी किंवा आपल्यानंतर कुणी आहे हे त्याला कळायला मार्गच नव्हता, आणि वाट बघणारा माणूस घरभर फिरतो. उजवी शेगडी, १. स्टूल, १. फडकं, १. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याला ओटा पुसताना पाहिलं. जिवंतपणी त्याने कधी पुसला नव्हता. कोपऱ्यापासून सुरुवात करून, गोल गोल, अगदी माझ्यासारखा. चौकोनाच्या कडेला येऊन थांबला. तिथे त्याचीच यादी होती.

पुढच्या आठवड्यात हॉलची फरशी यादीत आली. तिथे माझं पाऊल टेकेना. मी कारखान्यात जायचं बंद केलं, कारण दार हॉलमधून आहे. मीटरची पेटीही हॉलमध्येच आहे. त्याला बंद करायला एक दिवस मी उंबऱ्यावरून हात लांब केला होता, मेन स्विचवर बोटं ठेवली होती, आणि तेवढ्यात आतून तो म्हणाला, "झोपू दे. उठेल ती." मी हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी यादीत होतं: मेन स्विच, १.

शुक्रवारी त्याने पहिल्यांदा दुसरा कप उचलला. बशीने झाकलेला तसाच घेऊन बेडरूमकडे निघाला. मी स्वयंपाकघरात, नळापाशी उभी होते. इतके दिवस मी त्याला बघायला उठल्या उठल्या इथे येत होते. मी जागेवर, पलंगावर असायला हवं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी धावले. त्याच्या आधी पोचले नाही. त्याने चादर बघितली, उशीवरचा खळगा बघितला, उशीवर तळहात ठेवला. गार होती.

"उठून गेली वाटतं," मुकुंद म्हणाला.

मी माझ्या बाजूला जाऊन आडवी व्हायला गेले. पलंग हाताला भिंतीसारखा लागला.

ती रात्र मी ओट्याखाली फरशीवर काढली. डोळे उघडले, घर सुरू झालं, आणि आज मी बरणी उचलून यादी पूर्ण वाचली. बेडरूम. पलंग. गॅलरी. नळ. फरशी, स्वयंपाकघर. ओटा. कप, १.

आधी मला वाटलं, वाचायला चुकले. मग दुसऱ्या कपाला हात लावला, तर तो हलला. बशी बाजूला पडली. कप धुऊन कोरडा केलेला होता.

पायाखालची फरशी मला टेकू देईना. मी कप घेऊन ओट्यावर चढले, पण ओटाही यादीत होता, शेवटून दुसरा. यादीने फक्त स्वतःखालची जागा लिहिली नव्हती. मी बरणी सरकवली आणि चौकोनात बसले, गुडघे छातीशी घेऊन. दोन वीत बाय दोन वीत. मी बारीक झाले आहे, बसते.

मुकुंदने एक कप चहा केला. उभ्यानेच प्यायला. मग यादी माझ्या पायाखालून काढून घडी केली आणि खिशात घातली, स्टोअर बंद करताना घालायचा तशी. बेडरूमच्या दाराकडे त्याने पाहिलं नाही.

"मुकुंद," मी म्हटलं. "मी इथे आहे."

त्याने नळाखाली फडकं भिजवलं, घट्ट पिळलं, आणि कोपऱ्यापासून, गोल गोल, पुसत आला. खडूची पहिली रेघ गेली.