गंधाने बुजलेला शिक्का

या मित्रांनो, जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलेले, तुम्हीही पुढे या. कीर्तनात बुवा आधी नमन करतात आणि मग कथेला हात घालतात. मीही शारदेला नमस्कार करतो आणि तुम्हाला एक गोष्ट सांगतो. गोष्ट माझ्या अपराधाची आहे, म्हणून आवाज जरा बसका निघेल. सांभाळून घ्या.

मी एक जुना शिक्का आहे. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या एका गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिराने माझी रबरी अक्षरे कापली आणि मला सागवानी मूठ बसवली. कडेने तमिळ, खाली इंग्रजी, मधोमध शाळेचे नाव. तिथून मी अंबत्तूरच्या एका सरकारी शाळेच्या कचेरीत आलो आणि कारकून बालाजीरावांच्या हाती पडलो.

बालाजीराव तंजावरकडचे मराठी. बाजारात तमिळ, घरात मराठी. टी. नगरला कुठे कीर्तन आहे असे कानावर आले, की संध्याकाळची बस धरून निघालेच! कचेरीतही अभंग गुणगुणत काम करायचे. शाईच्या गादीवर एक, कागदावर दोन, असा माझा ताल धरायचे. मला वाटे, मी शिक्का कुठला, मी तर चिपळी! दाखले, बसचे पास, परीक्षेचे अर्ज, सगळ्यांवर माझा जांभळा गोल उमटे. “ठसा असावा तर असा,” असे मुख्याध्यापिका म्हणाल्या, त्या दिवशी मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

मग महामारीचे वर्ष आले. वर्ग बंद झाले, कचेरी तेवढी उघडायची. त्या वर्षी आयुधपूजेला बालाजीरावांनी घरून सहाणेवर उगाळलेले चंदन वाटीत आणले. आपल्या चेन्नईत त्या दिवशी बस, रिक्षा, शिवणयंत्र, कात्री, सगळ्यांची पूजा होते, हे तुम्हाला माहीतच आहे. इतर लोक मुठीला एक टिकली लावून मोकळे होतात. पण बालाजीरावांच्या भक्तीला टिकली कुठली पुरायला! “हा सरस्वतीचा सेवक,” म्हणत त्यांनी माझ्या अक्षरांवरच गंधाचा लेप दिला.

मुख्याध्यापिका ‘सर’चा तमिळ वळणाने ‘सार’ करत म्हणाल्या, “सार, ते पुसून घ्या हं. अक्षरं भरतील.”

“पूजेचं गंध नखानं खरवडायचं का, मॅडम? वाळलं की आपोआप झडतं.”

खरे सांगतो, मित्रांनो, मला तो गारवा फार आवडला. माझ्या खाचा भरत होत्या, हे मला कळत होते. तरी मी सुखात पडून राहिलो.

पुढच्याच आठवड्यात राज्याचा नवा कायदा अमलात आला. सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय महाविद्यालयांत शंभरातल्या साडेसात जागा राखल्या गेल्या. तोवर सरकारी शाळांतून डॉक्टरीला जाणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी असत. आता दार उघडले होते. मात्र मूल सरकारी शाळेतच शिकले, याचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे शाळेचा दाखला, त्यावर मुख्याध्यापिकांची सही आणि माझा ठसा.

पहिलीच आली सुष्मिता. सोबत तिची आई हेमावती. हेमावती अंबत्तूरच्या कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची. तीही तंजावरकडचीच, म्हणून बालाजीरावांना अण्णा म्हणायची.

“अण्णा, नीट उमटलंय ना?” तिने विचारले.

“अक्का, एकवीस वर्षं मारतोय. माझा हात आणि ह्याचा ठसा, दोघं कधी चुकत नाहीत.”

“मग डॉक्टरीण झाल्यावर ही तुमचा गुडघा फुकट बघेल.”

“अय्यो अम्मा, गुडघ्यासाठी वेगळं शिकावं लागतं,” सुष्मिता मास्कच्या आड हसली.

बालाजीरावांचे डोळे अभंगाच्या ओळीत मिटलेले. गादीवर एक, कागदावर दोन. गोल कडा उमटली, पण मधल्या अक्षरांचे नुसते डाग पडले. शाई ओली आहे, वाळली की दिसेल, असे सुष्मिताला वाटले. आईला कारखान्यातली पाळी गाठायची होती. कागद पिशवीत गेला.

वैद्यकीय प्रवेशाच्या दिवशी दुपारी तीन वाजता प्रवेशकेंद्रावरून हेमावती धापा टाकत कचेरीच्या दारात उभी राहिली.

“अण्णा, गोल दिसतो, नाव दिसत नाही म्हणतात! कुठली शाळा म्हणून विचारतात. पाचच्या आत दुसरा दाखला आणा म्हणाले. पोरीचं नाव यादीत खाली आहे हो, जागा संपत आल्यात!”

बालाजीरावांनी मला उलटे करून पाहिले. खाचांत पांढरे, कडक चंदन. त्यांचा चेहराही तसाच पांढरा झाला. ज्या गंधाला नख लावायचे नव्हते, ते टाचणीने कोरकोरून काढले. पण सहीसाठी मुख्याध्यापिका कुठे होत्या? अण्णा नगरला, बैठकीत. नवा दाखला लिहून, मला आणि शाईची गादी खिशात टाकून ते हेमावतीबरोबर रिक्षाने निघाले. त्यांच्या छातीचे ठोके मला ऐकू येत होते आणि त्यांत कसलाच ताल नव्हता. एका उभ्या स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही झाली. तिथेच मी उमटलो. स्वच्छ, ठसठशीत. काय उपयोग!

प्रवेशकेंद्रावर पोहोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. सुष्मिता बाहेर पायरीवर बसली होती. तिचा क्रमांक पुकारून झाला होता. राखीव जागांतली शेवटची जागा तिच्या खालच्या क्रमांकाच्या मुलाला मिळाली होती. तिने नवा दाखला हातात घेतला, वाचला आणि विचारले, “सार, ह्याचं आता काय करू?”

बालाजीराव हात जोडून उभे. हेमावती एवढेच म्हणाली, “देवानं गंध मागितलं नव्हतं, अण्णा. माझ्या मुलीनं ठसा मागितला होता.”

मी त्यांच्या खिशात होतो, मित्रांनो. लाकडाला तोंड नसते, ही सबब मी स्वतःला कितीदा तरी दिली आहे. पटत नाही.

पुढचे वर्षभर सुष्मिता पुन्हा डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेसाठी घरी बसली. शिकवणीसाठी हेमावतीने दुसरी पाळी धरली. सकाळी कॉलरी, रात्री काजे. बालाजीराव मला रोज जुन्या दातब्रशने घासत, पण गुणगुणत नसत. कचेरीत त्यांचा अभंग मी पुन्हा ऐकला नाही.

सुष्मिता नव्या दाखल्यासाठी आली, तेव्हा त्यांनी मला आधी वर्तमानपत्राच्या कडेला उमटवून पाहिले, मग कागदावर. तिने बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचले. आणि ह्या वेळी तिला जागा मिळाली. दूर, दक्षिणेकडच्या महाविद्यालयात.

ते सांगायला हेमावती आली. डोळ्यांवर नवा, जाड चष्मा. उजव्या अंगठ्याला पट्टी. रात्रपाळीत सुई आरपार गेली होती.

“अक्का, क्षमा करा,” बालाजीराव म्हणाले.

“पोरगी गेली, अण्णा, भरून पावले. देवाचीच कृपा.” मग आपल्या अंगठ्याकडे बघत ती अर्धवट हसली. “फक्त माझं हे वर्ष कुठल्या कायद्यात परत मिळतं, ते तेवढं बघून सांगा.”

बालाजीरावांनी मान खाली घातली आणि मला पुन्हा ब्रशने घासायला घेतले.

आता बालाजीराव निवृत्त झाले. दाखले संगणकातून निघतात आणि मी कपाटाच्या खणात वाळत पडलो आहे. तक्रार नाही. पण मित्रांनो, एक ऐका. कायदा मोठमोठ्या सभागृहात होतो आणि दार उघडतो. त्या दाराची कडी मात्र माझ्यासारख्या एखाद्या क्षुद्र वस्तूच्या आणि एखाद्या साध्या हाताच्या ताब्यात असते. उद्या तुमच्याही हातात कुणाची तरी कडी येईल. देवाची पूजा करा, मनापासून करा. पण समोर कुणी आशेने उभे असेल, तर आधी त्याचे काम डोळे उघडे ठेवून करा. तीही पूजाच आहे, हे मला फार उशिरा कळले.

सुष्मिता डॉक्टर होईल, तिचे नाव पाटीवर लागेल, लोक तिला ओळखतील. तिच्या आईचे नाव कुठेही लागणार नाही. म्हणून आज दिवेलागणीला घरच्यांसाठी मागणे मागाल, तेव्हा त्यात हेमावतीचे नाव घाला. मला हात नाहीत. माझ्या वतीने तुम्हीच तेवढे जोडा.