अस्तराचं दुःख

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर एक बरणी होती. कुणाची जॅमची, कुणाची कॉफीची. एका आजोबांनी तर माशांची छोटी काचपेटीच आणली होती. बरणीत पाणी आणि पाण्यात काळपट, रबरासारखी चिवट, वळ्यावळ्यांची एक दोरी. नातवंडांचे फोटो दाखवावेत तशा उत्साहानं लोक एकमेकांना बरण्या दाखवत होते.

“तुमची केवढी?”

“वीतभर. तुमची?”

“अहो, माझी मधेच तुटली. नाहीतर हातभर झाली असती!”

ही दोरी म्हणजे म्हणे आतड्याला वर्षानुवर्षं चिकटून बसलेलं विष. पावडर गरम पाण्यातून घ्यायची, की ते सुटून बाहेर पडतं. मग ते धुवायचं, बरणीत घालायचं आणि सभेला आणायचं. तिथे ही पावडर विकणारा माणूस बरणी वाचायचा. भक्त त्याला ‘सर’ म्हणत. मी पोटवाचक म्हणते. कुणी हात वाचतं, हा लोकांचा संडास वाचत असे.

माझं लक्ष मात्र बरण्यांकडे नव्हतं. व्यासपीठावर ‘बरे झालेल्यां’च्या रांगेत माझी धाकटी बहीण बसली होती. चेहरा मेणासारखा. अंगातला कुडता मीच शिवलेला, दोनदा आत घेतलेला, तरी खांद्यावरून ओघळत होता. खुर्च्यांना पांढऱ्या खोळी होत्या. पडदे आणि खोळी शिवणं हाच माझा धंदा, म्हणून ते आधी दिसलं.

पोटवाचक आला. पांढरा सूट, गालाशी चिकटवलेला माइक.

“मित्रहो, तुमच्या पोटात कोण राहतं?”

“अब्जावधी मित्र!” सभागृह दणाणलं.

“ते मित्र काय करतात?”

“पहारेकऱ्यांना शिकवतात!”

“आणि त्या पहारेकऱ्यांना झोपवतं कोण?”

“गोळ्या!”

हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण यातलं अर्धं खरं होतं आणि ते आमच्या घरात रोज बोललं जायचं.

धाकटीची मुलगी, माझी भाची, एका संशोधन संस्थेत काम करते. दिवसभर उंदरांच्या सहवासात असते म्हणून घरात तिचं नाव उंदीरबाई. आतड्यात राहणारे जंतू आणि शरीराची संरक्षणयंत्रणा यांचं आपसात काय चालतं, हा तिचा विषय. जेवताना ती रंगात येऊन सांगायची: “मावशी, काही उंदीर आम्ही जन्मापासून एकही जंतू न लागू देता वाढवतो. त्यांचे पहारेकरी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, कच्चेच राहतात. कुणाला अडवायचं, कुणाला सोडायचं, हे त्यांना नीट कळतच नाही. ते शिकवण्यात पोटातल्या जंतूंचा मोठा वाटा असतो.”

आम्ही दोघी बहिणी कौतुकानं ऐकायचो. कारण धाकटीचा आजार त्यातलाच होता. तिच्या शरीराचे पहारेकरी तिच्याच मोठ्या आतड्यावर तुटून पडत. मग जखमा, रक्त, कळा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पहारेकरी जरा शांत राहायचे, आणि त्या शांततेत तिनं घर चालवलं होतं, मुलगी शिकवली होती.

“मग कोणता जंतू दिला की मी बरी होईन?” धाकटी विचारायची.

“ते अजून माहीत नाही गं, आई. उंदरात जे दिसतं ते माणसात तसंच घडेल असं नाही.”

हे वाक्य आलं, की आम्ही भांडी आवरायला उठायचो. गोष्टीतला रंजक भाग संपला म्हणून. आमच्या घरातली चूक ती एवढीच.

पोटवाचकाला ही चूक आयती मिळाली. त्यानं मोबाइलवरच्या एका भाषणात ‘मित्रजंतू’ आणि ‘पहारेकरी’ म्हटलं, आणि धाकटी उडालीच. “ताई, हा तर आपल्या पोरीचंच बोलतोय! फक्त हा पुढचंही सांगतो.” पुढचं म्हणजे: गोळ्या पहारेकऱ्यांना झोपवतात, म्हणून त्या टाका; पावडर घ्या.

तिनं गोळ्या टाकल्या. पहिल्याच आठवड्यात बरणी भरली. काही दिवसांनी रक्त सुरू झालं. पोटवाचकाचा निरोप आला: “दूषित रक्त आहे, जाऊ द्या.” मुलगी विनवत होती, रडत होती. धाकटी तिला म्हणाली, “तुला माहीत नाही म्हणून कुणालाच माहीत नसेल असं थोडंच आहे?”

त्या दिवशी भाची माझ्या दुकानात आली. डोळे सुजलेले. आईच्या डब्यातली पावडर तिनं संस्थेत तपासली होती.

“काय आहे गं?”

“इसबगोल, चिकणमाती, कोळशाची पूड. मावशी, मला एक आतडं शिवून दे.”

“काय?”

“बोटभर रुंद, लांब पिशवी. आतून पाणी न झिरपणारी. आणि आतड्यासारख्या चुण्या हव्यात.”

मी रेनकोटचं उरलेलं अस्तर काढलं. दोन्ही शिवणींत इलॅस्टिक ताणून घातलं. सोडलं, की कापड आपोआप चुण्यांत आकसतं. चुणी कशी पडते ते मला कुणी सांगायला नको. एका ठिकाणी टीप घसरली, तिथे कापडाला एक फुगवटा आला. राहू दे, म्हटलं. भाचीनं पावडर गरम पाण्यात कालवून आत ओतली, तोंड बांधलं आणि पिशवी खिडकीच्या दांडीला टांगली. दुसऱ्या दिवशी मी शिवण उसवली. आतून काळी, चिवट, वळ्यावळ्यांची दोरी निघाली. अगदी धाकटीच्या बरणीतल्यासारखी. फुगवट्याच्या जागी एक गाठही होती.

“म्हणजे पावडर विष बाहेर काढत नाही,” मी म्हटलं.

“पावडरच बाहेर येते, मावशी. जशी आत गेली तशीच. फक्त फुगून आणि आतड्याचा साचा घेऊन.”

मला हसू आलं, आणि मग इतका संताप आला की कात्री हातातून खाली ठेवावी लागली. धाकटीला दाखवून उपयोग नव्हता. ती म्हणाली असती, तुम्ही दोघींनी मिळून नाटक केलंत. तिला त्याच्या तोंडून ऐकायला हवं होतं. म्हणून ती दोरी बरणीत घालून आम्ही सभेला गेलो होतो.

बरण्यांची वाचनं सुरू झाली. कुणाचा काळा पट्टा म्हणजे वडिलांवरचा राग, कुणाचा हिरवट डाग म्हणजे शेजाऱ्याचा मत्सर. मग माझी बरणी त्याच्या हातात गेली.

“ही कुणाची?”

मी हात वर केला.

त्यानं बरणी उजेडात धरली, डोळे मिटले. “ताई... फार सोसलंत तुम्ही.” माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला हे म्हणा, चुकायची भीती नाही. “ही वळी लग्नानंतरची. सासू. ही दुसरी, घशाशी आलेला शब्द तुम्ही गिळलात. आणि ही गाठ! ही तुमच्या नवऱ्याची आहे, ताई.”

माझ्या मागे एक बाई हुंदके देऊ लागली.

मी उठले. “सर, मी लग्नच केलेलं नाही. आणि हे माझ्या पोटातून आलेलं नाही. रेनकोटच्या अस्तराची पिशवी शिवून तिच्यात तुमची पावडर ओतली, तिच्यातून निघालंय. ती गाठ नवऱ्याची नाही, माझी टीप घसरली तिथली आहे. अस्तराला सासू असते का, सर?”

पुढच्या रांगेत एकजण फस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. “बाहेर काढा हिला!” कुणीतरी ओरडलं.

पोटवाचक मात्र मुरलेला होता. गोड हसून म्हणाला, “पावडर तुमच्या हातून गेली ना, ताई? तुमचं दुःख तिच्यात उतरलं. न झालेल्या लग्नाचंही दुःख असतंच.”

टाळ्या पडल्या. माझे कान तापले. हा माणूस कशानंच हरणार नाही, असं वाटलं. कसंही फेकलं तरी पायांवरच उतरणारं मांजर.

तेवढ्यात व्यासपीठावर चमचा वाजला. बरे झालेल्यांनी सर्वांदेखत पावडर घ्यायची, असा तिथला रिवाज होता. प्रत्येकासमोर बंद पुडी, ग्लास आणि गरम पाणी. धाकटीनं पुडी फोडली, ग्लासात ओतली, ढवळली. प्यायली मात्र नाही. नुसती बघत बसली.

“घ्या, ताई,” पोटवाचक म्हणाला.

“थांबा, सर.”

तिनं चमचा बाजूला ठेवला आणि ग्लास तसाच राहू दिला. बऱ्याच वेळानं तिनं बशीवर ग्लास उपडा केला. हळूच, आवाज करत, ते सगळं एकसंध खाली आलं. काळं, चिवट, ग्लासाच्या कंगोऱ्यांसकट.

धाकटी ते निरखत राहिली. मग माइक नसतानाही मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात तिनं विचारलं, “सर, हा ग्लास कुणावर रागावला होता?”

माशांच्या पेटीवाले आजोबा पेटी खुर्चीखाली सारू लागले.

ती उठायला गेली, आणि खुर्चीची पांढरी खोळ सगळ्यांना दिसली. लाल झाली होती.

पोटवाचकानं क्षणही दवडला नाही. “पाहा, मित्रहो! शेवटचं विष!”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी नाही, पण वाजवल्या. माझी बहीण उभ्या उभ्या रक्त गाळत होती आणि चांगली शिकलीसवरलेली, कपड्यांना इस्त्री केलेली माणसं टाळ्या पिटत होती. पोटवाचकाला मी एक वेळ विसरेन. त्या टाळ्या विसरणार नाही.

“ताई,” धाकटी म्हणाली, “मला दवाखान्यात ने.”

भाचीनं तिला एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या.

मोठं आतडं काढावं लागलं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ओल्या कागदासारखं झालं होतं. गोळ्या चालू असत्या तर बहुधा ही वेळ आली नसती.” धाकटी वाचली. आता तिच्या पोटाला बाहेरून मल साठवायची एक पिशवी असते. पोटवाचकानं जाहीर केलं की त्या बाईंचा विश्वास अपुरा पडला. तो आता दुसऱ्या शहरात सभागृह भाड्यानं घेतो. पावडर तीच, सूटही तोच.

भाची अजून स्वतःला दोष देते. “माझेच शब्द वापरले गं त्यानं.”

“तुझे अर्धेच वापरले,” धाकटी म्हणते. “‘अजून माहीत नाही’ हे तेवढं गाळलं. आणि आम्हालाही तेच गाळलेलं हवं होतं.”

आता उंदीरबाई जेवताना बोलते तेव्हा आम्ही शेवटपर्यंत बसून ऐकतो. भांडी थांबतात. काय कळलंय, काय नाही, पुढे काय तपासणार. न कळलेल्याची यादी लांबलचक असते. तिच्यापाशी आईसाठी चमत्कार नाही, कष्ट आहेत.

म्हणून सांगते, बायांनो आणि बाप्यांनो. कुणी पोट साफ करायला, पहारेकरी जागे करायला काही दिलं, तर पोटात घालण्याआधी ते ग्लासात घाला आणि बघत बसा. देणाऱ्याला विचारा, तुम्हाला यातलं काय माहीत नाही? सगळं माहीत आहे म्हणाला, तर चपला घाला आणि घरी या. आणि चालू असलेल्या गोळ्या, ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांना विचारल्याशिवाय एक दिवसही टाकू नका. रक्त दिसलं तर सभेला नाही, दवाखान्यात जा.

परवा धाकटी दुकानात आली होती. पिशवीवर घालायला कापडी कव्हर हवं म्हणाली. मी छान मऊ सुती कापडं तिच्यापुढे पसरली, फुलाफुलांची, रेघांची. तिनं सगळी बाजूला सारली आणि फळीवरच्या त्या रेनकोटच्या अस्तराकडे बोट केलं.

“त्याचं शीव, ताई,” ती म्हणाली. “त्या सभागृहात माझ्याशी पहिल्यांदा खरं तेच बोललं.”