ओल न चढणारी जागा

त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उठतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, तोच ओळंबा. चाळीस वर्षं या माणसाने भिंती बांधल्या, एक कलली असेल तर शपथ. स्वभावही तसाच, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. पुढे गुडघ्यांनी संप पुकारला, थापी खुंटीला लागली आणि हा गृहस्थ दिवसभर घरातल्याच भिंतींत खोट काढत बसू लागला. बायको शिवणकाम करायची. तिच्या मशीनमागच्या भिंतीला बाक आहे हे त्याने चौथ्यांदा सांगितलं, तेव्हा तिने लेकीला फोन लावला. या माणसाला काहीतरी उद्योग दे, नाहीतर मी घर सोडते, असं तिने तिला बजावलं.

लेक दूरच्या शहरात बसआगारात वेळापत्रकं आखायची. तिचं सगळं मिनिटांवर चालायचं. सुट्टीला यायची ती दोन दिवस, आणि त्यातही आल्याआल्या परतीच्या बसची वेळ सांगायची. बापाला ते डाचायचं, पण बोलेल तर तो ओळंबा कसला.

तिने त्याला संगणकावरचा एक खेळ शिकवला. ती तिकडून, हा इकडून. सुरुवातीला प्रत्येकाकडे माणसांचा एक तांडा आणि एक भालेवाला, भोवती चौकोनी घरांचा नकाशा, त्यातला बहुतेक काळोखात. एक चाल याची, एक चाल तिची. तांडा थांबेल तिथे गाव वसतं, गावात पीक आलं की नवा तांडा निघतो, त्याचं दुसरं गाव होतं, आणि हळूहळू राज्य उभं राहतं. थोडीफार अक्कल असलेला माणूस पहिल्याच चालीला नदीकाठी गाव वसवतो, कारण पीक तिथे भरपूर येतं.

ओळंबा मात्र पहिले तिन्ही डाव अकरा-अकरा चाली तांडा घेऊन वणवण फिरला. का, तर नदीकाठी भिंतींना ओल चढते. लेकीने परोपरीने सांगितलं की बाबा, चित्रातलं गाव आहे, त्याला कसली ओल. यावर त्याचं म्हणणं असं की चित्रातली का होईना, माणसं राहणार ना तिथे? त्याला कोरडी, मुरमाड जागा सापडेपर्यंत लेकीची तीन गावं नांदायला लागलेली असायची. तिन्ही डावांत त्याचं पानिपत झालं.

चौथ्या डावाआधी लेकीनेच पैज लावली. चार रविवार, दर रविवारी दुपारी दहा चाली. चाळीस चालींच्या आत बाबांची तीन गावं तिच्याआधी वसली, तर ती या सुट्टीत आठ दिवस येणार. नाही वसली, तर नेहमीचे दोन.

आठ दिवस! ओळंबा उठला तो थेट मागच्या ओट्यावर गेला. कामावरून उरलेल्या फरशीच्या तुकड्यांची गोणी तिथे पडून होती. निळे तुकडे पाणी, हिरवे रान, तपकिरी डोंगर, असा सरावापुरता ओटाभर नकाशा त्याने मांडला. बायकोच्या डब्यातली बटणं पळवली. मोठं पांढरं बटण म्हणजे तांडा, काळं म्हणजे भालेवाला. मग चष्मा नाकावर घेऊन तो रोज सकाळी चाली आखू लागला. पहिल्या चालीला गाव. मग गावाने आधी वाट बघून येणारा टेहळ्या तयार करायचा, म्हणजे पुढची जागा शोधायला तांड्याला भटकावं लागणार नाही. मग राखणीला भालेवाला, आणि लगेच दुसरा तांडा. बायकोला कपडे वाळत घालायला उंच पाय टाकत जावं लागे. तिने एकदा समुद्रात बादली ठेवली, तर त्याने अख्खा दिवस तोंड फुगवलं.

पहिला रविवार उजाडला, ओळंब्याने खेळ उघडला. तांडा उभा होता तो ऐन नदीच्या वळणावर. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूलाही पाणी. इथे पाया घालायचा म्हणजे पाप. त्याचं बोट बटणावर गेलं, मागे आलं, परत गेलं.

मशीन थांबवून बायको मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुम्हाला राहायचंय का तिथे? लेकीला आठ दिवस आणायचंय ना घरी? दाबा."

डोळे मिटून त्याने दाबलं. गाव वसलं. ओळंब्याने ओलीत पाया घातला, आयुष्यात पहिल्यांदा. पण पीक असं आलं की विचारू नका. दुसऱ्या रविवारी दुसरं गाव झालं, आखल्यापेक्षा एक चाल आधीच. तिसऱ्या रविवारी रानातून कुठलेसे लुटारू आले, पण भालेवाला ठरल्या जागी उभा होता. आणि चौथ्या रविवारी, अडतिसाव्या चालीला, तिसरं गाव. बायकोने पाठीत धपाटा घातला आणि दोघं वेड्यासारखी हसली.

मग त्याला दुर्बुद्धी सुचली. डाव संपल्यावर दोन्ही बाजूंच्या चाली पहिल्यापासून बघता येतात, त्या तो बघत बसला. बघता बघता त्याचा चेहरा उतरला. लेकीचा तांडाही नदीकाठीच उभा होता, पण तिने गाव वसवलंच नव्हतं. पाणी सोडून ती भटकत गेली होती, एक चाल, दोन चाली, पुऱ्या अकरा.

ओळंब्याचं टाळकंच फिरलं. त्याने फोन लावला.

"मुद्दाम हरलीस. खोटं काम मी ठेवत नाही, माहितीये ना? पाडतो आणि पुन्हा बांधतो. पैज रद्द."

लेक म्हणाली, "हरायला नव्हते गेले, बाबा. तीन डाव तुम्ही अकरा चाली काय शोधत होता ते बघायचं होतं. म्हटलं, एकदा तुमच्यासारखं चालून बघू. इतकं मस्त वाटलं. बाराव्या चालीला सापडली जागा, डोंगराला पाठ लावून. भिंती कोरड्या ठणठणीत राहतील."

ओळंब्याला एकदम आठवलं. लहानपणी बांधकामावर यायची ही, आणि पाया खणला की आत उडी मारून माती मुठीत दाबून बघायची. ते तो पार विसरला होता. शेवटी खाकरून त्याने एवढंच सांगितलं की ते सगळं ठीक आहे, पण डाव पुन्हा व्हायला हवा.

"पुन्हा तर पुन्हा. तिकडे येऊनच खेळू, ओट्यावर. आठ दिवस तरी लागतीलच."

"रजा मिळेल?"

"पहिल्या रविवारीच टाकलीये."

त्याने फोन बायकोच्या हातात दिला आणि ओट्यावर जाऊन सगळे तुकडे गोळा केले. नवा नकाशा दोघांना बसता येईल असा मांडायला हवा होता. मध्येच आठवण होऊन त्याने आत ओरडून विचारलं, परतीची बस कितीची आहे म्हणाली?

बायकोने फोनमध्ये विचारलं आणि हसत दारात आली.

"म्हणते, आल्यावर बघू. एवढी घाई काय आहे?"